कंपन्या एचआरचं काम बाहेर का देतात? ठरलेल्या उत्तराची उलटतपासणी

पेट किंवा नेट पास झालात, गाईड मिळाले, आता आराखडा लिहायचा आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या यादीत तेव्हा एक विषय हमखास असतो: कंपन्या मनुष्यबळ व्यवस्थापनाची कामं बाहेरच्या संस्थांकडे का सोपवतात? सरकारी कागदात याला ‘बाह्यस्रोत’ म्हणतात, बोलताना सगळे ‘आऊटसोर्सिंग’ म्हणतात.

विषय सोपा वाटतो, कारण उत्तर तयार मिळतं. खर्च वाचतो. तज्ज्ञांची मदत मिळते. महागडं सॉफ्टवेअर स्वतः घ्यावं लागत नाही. कायद्याची कटकट कमी होते. कंपनीला तिच्या मुख्य कामाकडे लक्ष देता येतं. मग ही पाच कारणं प्रश्नावलीत टाकायची, शंभर व्यवस्थापकांकडून भरून घ्यायची आणि सरासरी काढायची. खर्चाचा नंबर पहिला आला की प्रबंधाचं पाचवं प्रकरण तयार.

आज या उत्तराची जरा तपासणी करू. ही पाचही कारणं खोटी नाहीत. पण ती वेगवेगळ्या कामांची कारणं आहेत आणि आपण ती एकाच पिशवीत भरतो. शिवाय एक मोठं कारण या यादीत नसतंच. ते बघायला पुण्याच्या आयटी पार्कात जायची गरज नाही. आपल्या मराठवाड्यातला ऊसतोडीचा मुकादम पुरेसा आहे.

हे उत्तर आलं कुठून?

आधी सिद्धांताचं श्रेय देऊ. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला: बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपनी नावाची गोष्ट असतेच कशाला? त्यांचं उत्तर असं की, बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, तो पाळला जातो का ते बघा. हा खर्च जास्त असेल तर काम घरात होतं, कमी असेल तर बाहेर जातं. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी याचा व्यवहार-खर्चाचा सिद्धांत उभा केला. कोस यांना १९९१ साली आणि विल्यमसन यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९९० साली सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी ‘गाभ्याची क्षमता’ ही कल्पना मांडली. कंपनीने आपल्या खास बळावर लक्ष एकवटावं, असा तिचा रोख. व्यवस्थापन जगताने तिचा सोपा अर्थ काढला: गाभ्यातलं घरात ठेवा, बाकीचं बाहेर द्या.

मग येतं १९९९ हे साल. लेपॅक आणि स्नेल यांनी माणसांचे चार गट पाडणारी चौकट मांडली. कंपनीसाठी त्यांचं मोल किती आणि त्यांचं कौशल्य किती दुर्मीळ, या दोन अक्षांवर. त्याच वर्षी क्लास, मॅकक्लेंडन आणि गेनी यांनी एचआर बाहेर देण्याचे फायदे कोणत्या परिस्थितीत जाणवतात हे व्यवहार-खर्चाच्या नजरेने तपासलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी बीपी या तेल कंपनीने आपल्या एचआर कामाचा मोठा भाग एक्झल्ट या नव्या कंपनीला दीर्घ कराराने देऊन टाकला. तेव्हापासून हा विषय रूढ झाला. आपल्याकडच्या प्रबंधांत दुसऱ्या प्रकरणात हीच नावं येतात, आणि ती यायलाच हवीत.

पण या साहित्यातला एक शब्द नीट बघा: ‘जाणवलेले’ फायदे. क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शब्द प्रामाणिकपणे वापरला आहे. एचआर अधिकाऱ्यांना काय वाटतं, ते त्यांनी मोजलं. आपण त्यावरून लिहिताना ‘जाणवलेले’ हा शब्द गाळतो आणि थेट ‘फायदे’ लिहून मोकळे होतो. पहिली चूक इथे होते.

एक शब्द, तीन कामं

जालन्याच्या एमआयडीसीतला एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास कामगार, मालक स्वतः खरेदी-विक्री बघतो. पगारपत्रक करायचं, पीएफचं चलन भरायचं, ईएसआयचं रिटर्न द्यायचं, टीडीएस कापायचा. हे सगळं तो एका लेबर कन्सल्टंटकडे देतो. का? सरळ आहे. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा, दोन्हींत सतत नवे नियम, नवी पोर्टलं. एवढ्यासाठी पूर्णवेळ माणूस ठेवणं परवडत नाही. इथे ‘खर्च’ आणि ‘तज्ज्ञता’ ही उत्तरं शंभर टक्के बरोबर आहेत. कामगार मात्र मालकाचाच राहिला. बाहेर गेला तो फक्त कागद.

दुसरा प्रकार निवडीचा. कंपनी भरतीचं काम एजन्सीला देते. जाहिरात, अर्ज चाळणं, पहिली मुलाखत एजन्सी करते, नेमणूक कंपनी करते. इथे वेळ आणि माणसं शोधण्याचं जाळं ही कारणं लागू पडतात.

तिसऱ्या प्रकारात एजन्सी माणूसच पुरवते. तो कंपनीच्या गेटमधून आत जातो, कंपनीच्या सुपरवायझरचं ऐकतो, पण त्याचं नेमणूकपत्र आणि पगार एजन्सीचा असतो. इथे बाहेर गेलं ते मालक-कामगार हे नातंच.

तिन्ही प्रकारांना आपण ‘एचआर आऊटसोर्सिंग’ म्हणतो आणि एकाच प्रश्नावलीत ‘तुम्ही आऊटसोर्सिंग का करता?’ असं विचारतो. हे म्हणजे ताप, हाडमोड आणि मोतीबिंदू अशा तिघांना एकत्र बसवून ‘दवाखान्यात का आलात?’ विचारायचं आणि उत्तरांची सरासरी काढायची. सरासरी येईल, पण तिचा अर्थ काय?

मुकादम नावाचा एचआर विभाग

आता तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. आऊटसोर्सिंग हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातले साखर कारखाने हेच करत आले आहेत.

ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड, जालना, अहिल्यानगर अशा भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखाना या माणसांना एकेक करून नेमत नाही. तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करार करतो आणि आगाऊ रक्कम देतो. मुकादम गावात टोळी जमवतो, प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. मग माणसं वेळेवर गाडीत बसवणं, खाडा धरणं, भांडण मिटवणं, कोणी पळालं तर बदली माणूस आणणं, उचल फिटली की नाही त्याचा हिशेब ठेवणं, हे सगळं तोच बघतो. भरती, हजेरी, शिस्त, वेतन, तक्रार निवारण: एचआरच्या पुस्तकातली अनुक्रमणिका काढा, एकेक धडा मुकादमाकडे सापडेल.

आता यादीतली कारणं इथे लावून बघा.

*खर्च वाचतो?* मुकादमाला मजुरीवर वेगळं कमिशन द्यावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि मुकादमाच्या कमिशनात १ टक्क्याची, म्हणजे ते २० टक्क्यांवर गेलं. मधल्या माणसाला मजुरीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम देऊनही जी व्यवस्था टिकते, ती ‘स्वस्त पडते म्हणून’ एवढ्यावर समजत नाही. वाचत असेल तर ते दुसरीकडे कुठेतरी वाचतं. कुठे, हे शोधायला हवं.

*गाभ्याबाहेरचं काम आहे म्हणून?* ऊस तुटून आला नाही तर गाळप बंद पडतं. तुटलेला ऊस पडून राहिला तर उतारा घटतो. साखर कारखान्यासाठी याहून गाभ्यातलं काम कोणतं? लेपॅक-स्नेल यांच्या चौकटीत तोडणी कामगाराला बसवून बघा. कौशल्य बाजारात मिळणारं, पण कारखान्यासाठी मोल मोठं. त्यांच्या चौकटीत अशा माणसाला थेट नोकरीवर घ्यावं असं येतं. प्रत्यक्षात उलट होतं.

*हंगामी काम आहे म्हणून?* हे कारण सगळ्यांत पटणारं वाटतं, म्हणून ते नीट तपासू. विज्ञानाच्या प्रयोगात आपण कंट्रोल ठेवतो: बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी. असा कंट्रोल कारखान्याच्या आवारातच आहे. गाळपाच्या बाजूला काम करणारे हंगामी कामगारही हंगामापुरतेच असतात. पण ते कारखान्याच्या हजेरीपटावर असतात आणि हंगाम नसलेल्या महिन्यांसाठी त्यांना रिटेन्शन भत्ता मिळण्याची पद्धत या उद्योगात जुनी आहे. कारखाना तोच, हंगाम तोच. एकाचं नाव पटावर आणि दुसऱ्याचं नाही. म्हणजे निव्वळ हंगामीपणा हे कारण पुरत नाही.

व्यवहार-खर्चाचा सिद्धांत इथे बऱ्यापैकी काम करतो, हे मान्य करायला हवं. कोणत्या गावातलं कोण नक्की येईल, कोण उचल बुडवेल, हे कारखान्याच्या ऑफिसला कळत नाही, मुकादमाला कळतं. तो त्याच गावचा, त्याच नात्यागोत्यातला असतो. उचल बुडण्याचा धोका कारखान्याऐवजी वाहतूकदार आणि मुकादम घेतात. माहिती आणि धोका यांची ही विभागणी कोस यांच्या चौकटीत छान बसते.

पण एक गोष्ट बसत नाही. नुसता माणूस शोधायचा असता तर मुकादमाने आणला, कारखान्याने पटावर घेतला, असंही करता आलं असतं. निवडीचं काम बाहेर, नातं घरात. तसं होत नाही. बघा काय काय घरात राहतं. कोणत्या शेतातला ऊस कधी तोडायचा, ते कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. तोडणीचा दरही साखर संघ आणि कामगार संघटना समोरासमोर बसून ठरवतात. काम ठरवणं, मोजणं आणि भाव, तिन्हींत कारखान्यांचा हात. फक्त ‘हा माझा कामगार’ हे वाक्य कागदावर कुठे येत नाही.

त्याचे परिणाम काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाडा परवडत नाही, आजारपणाची पगारी रजा नाही, बाळंतपणाचं संरक्षण नाही, अशा कामाची चर्चा तेव्हा झाली. पुढे या कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ उभं राहिलं आणि कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं ठरलं. म्हणजे मालकाने करायच्या गोष्टींसाठी वेगळं महामंडळ लागलं. ‘खर्च वाचला’ असं लिहिताना तो कुणाचा वाचला आणि कुणाच्या अंगावर गेला, हे त्याच वाक्यात लिहायला हवं.

माझ्या मते यादीत नसलेलं कारण हे आहे: नियंत्रण ठेवायचं आणि उत्तरदायित्व बाहेर द्यायचं. तिसऱ्या प्रकारच्या आऊटसोर्सिंगमध्ये हे कारण किती मोठं आहे, ते मोजायला हवं. आपण मोजतच नाही.

सरकारचं उदाहरण

हे फक्त साखरेचं आहे, असं कुणी म्हणेल. ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. सरकारी कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ खासगी संस्थांची निवड झाली. अतिकुशल ते अकुशल अशी पदांची वर्गवारी होती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं रस्त्यावर आली आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द करत असल्याचं उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं.

त्या वेळी खर्चाची चर्चा झालीच. पण मुलांनी विचारलेला मोठा प्रश्न दुसरा होता: एजन्सीने माणूस दिला तर आरक्षणाचं काय? सरकार स्वतः भरती करतं तेव्हा बिंदुनामावली पाळावी लागते, परीक्षा घ्यावी लागते, निकालावर कोर्टात जाता येतं. नातं एजन्सीकडे गेलं की ही सगळी बंधनं सैल होतात. ‘खर्च’ आणि ‘गाभा’ एवढ्याच शब्दांत विचार करणाऱ्या अभ्यासाला हा प्रश्न दिसणारच नाही. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला तो पहिल्या दिवशी दिसला.

प्रश्नावली कुठे चुकते

आता पद्धतीकडे येऊ, कारण तुम्हाला आराखडा लिहायचा आहे.

पहिली गोष्ट: जे पर्यायात नाही ते उत्तरात येणार नाही. ज्या तापमापीवर १० अंशांच्या खाली खुणाच नाहीत, ती ५ अंश दाखवणार नाही. ‘कायम कामगारांची संख्या वाढू नये म्हणून’, ‘संघटना होऊ नये म्हणून’, ‘अपघात झाला तर दावा आपल्यावर येऊ नये म्हणून’ हे पर्याय किती प्रश्नावल्यांत असतात? आणि असले तरी कोणता एचआर मॅनेजर कंपनीचा शिक्का असलेल्या कागदावर त्यावर खूण करेल? म्हणजे या कारणासाठी प्रश्नावली हे हत्यारच चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट: फक्त बाहेर देणाऱ्यांनाच विचारणं. सारखाच आकार, सारखाच धंदा असून ज्यांनी काम घरात ठेवलं, त्यांना विचारल्याशिवाय ‘का’ या प्रश्नाला उत्तर नाही. ज्यांनी एकदा बाहेर देऊन परत घरात आणलं, त्यांच्याकडे तर सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट: सांगितलेलं कारण आणि खरं कारण यांत फरक असतो. निर्णय दहा वर्षांपूर्वी आधीच्या संचालकांनी घेतला, आजचा मॅनेजर त्याचं समर्थन सांगतो. तो खोटं बोलतो असं नाही. त्यालाही ते पुस्तकातूनच माहीत असतं! आपण पुस्तकातलं उत्तर त्याच्याकडून परत ऐकतो आणि त्याला ‘प्राथमिक सामग्री’ म्हणतो.

मग करायचं काय?

‘का’ विचारायच्या आधी ‘नेमकं काय हललं’ ते लिहून काढा. प्रत्येक प्रकरणासाठी तीन रकाने करा. काम कोण ठरवतं? पैसे कुणाच्या हातून मिळतात? काही बिघडलं तर उत्तर कोण देतं? लेबर कन्सल्टंटच्या बाबतीत तिन्ही रकान्यांत कंपनीच येईल. मुकादमाच्या बाबतीत पहिल्यात कारखाना, दुसऱ्यात मुकादम आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा कोणीच नाही. हे रकाने भरले की कोणतं कारण कुठे लागू होतं ते आपोआप वेगळं पडू लागतं.

मतांपेक्षा कागद जास्त बोलतात. निविदा, करारनामे, शासन निर्णय हे वाचा. करारात नुकसानभरपाईचं कलम काय म्हणतं ते बघा. ‘कोणताही दावा आल्यास पुरवठादार जबाबदार राहील’ अशा अर्थाचं कलम किती करारांत आहे, एवढं मोजलं तरी ते शंभर प्रश्नावल्यांपेक्षा मोलाचं ठरेल.

कायदा बदलतो ते क्षण शोधा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, कंत्राटदाराने वेतन बुडवलं तर ते मूळ मालकाने द्यायचं, अशी तरतूद होती. कंत्राट पद्धतीवर बंदी आली तर त्या कामगारांना आपोआप मूळ मालकाचे कामगार मानायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात म्हटलं. २००१ साली ‘सेल’च्या खटल्यात ते मत फिरवलं. म्हणजे पाच वर्षं उत्तरदायित्वाचा धोका मोठा होता, मग तो कमी झाला. तज्ज्ञता, तंत्रज्ञान आणि गाभा यांचा या निकालाशी संबंध नाही. अशा वळणाच्या आधी आणि नंतर कंत्राटी कामगारांचं प्रमाण बदललं का, ते कारखान्यांच्या वार्षिक पाहणीतल्या आकड्यांवरून तपासता येतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांतली एक, गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावायला अपवाद ठेवून मनाई करते. ‘गाभा’ हा व्यवस्थापनाचा शब्द आता कायद्याचा झाला. कंपन्या आपली कामं गाभ्यात धरतात की बाहेर, हे पुढची काही वर्षं बघण्यासारखं आहे. तुमच्या पीएच.डी.चा काळही तोच आहे.

आणि एक सावधगिरी. माझं कारणही गृहीतकच आहे, निष्कर्ष नाही. तोडणीवाले विखुरलेले असतात, दर वर्षी टोळी बदलते, अशी दुसरी स्पष्टीकरणंही आहेत. ती खोडता आली तरच माझं टिकेल. ‘शोषण होतंच’ असं आधी ठरवून शेतात गेलात, तर तुमची तापमापीही दुसऱ्या टोकाला अर्धवटच असेल. मुकादमालाही भेटा. उचल बुडाली म्हणून कर्जात गेलेले मुकादमही असतात.

जाफराबाद तालुक्यातून संशोधन करायचं म्हटलं की ‘इथे कुठे कंपन्या आहेत?’ असं म्हणणारे भेटतात. शेजारच्या भोकरदन तालुक्यात सिपोरा बाजारला साखर कारखाना आहे, जालन्याला एमआयडीसी आहे, आणि प्रत्येक सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत आलेला एखादा ऑपरेटर आहे. त्याच्याकडून सुरुवात करा. त्याचे तीन रकाने भरा. आराखड्यातली पाच कारणं त्यानंतर लिहा आणि गाईडना दाखवायच्या आधी त्यातली किती उरली ते मोजा.